तांबडे धागे

शनिवार, १४ जून. लास व्हेगास

पोचलो एकदाचे! विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारीच जुगाराची यंत्रं मांडलेली. आमच्या विमानातल्या एक आजीबाई बॅग यायच्या आत एका यंत्रापुढे बसल्यासुद्धा. मला फार हसू आलं. खोली अठराव्या मजल्यावर आहे. खिडकी उघडत नाही, पण गारवा छान आहे.

कृत्रिम डोळे बनवणाऱ्यांची आमची परिषद सोमवारी सुरू होते. उद्याचा अख्खा रविवार मोकळा, म्हणून डेलिया आणि मी मिळून भटकायचं ठरवलंय.

उद्घाटनाचं भाषण डेलियाचं आहे. विषय: डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रेशमाच्या तांबड्या धाग्यांनी शिरा कशा उठवायच्या. एकोणीस वर्षांपूर्वी ती टोलेडोला आमच्या कार्यशाळेत आली, तेव्हा तिला ब्रशही धरता येत नव्हता. धागा उकलून केसाहून बारीक कसा करायचा, हे मी तिचा हात हातात धरून शिकवलं. आता शिकागोत तिचं स्वतःचं मोठं दुकान आहे. मला परिषदेत एक टेबल मिळालंय, प्रसाधनगृहाच्या दाराशी.

खाली नाव नोंदवताना तिथल्या मुलीने डेलियाला फलकावरच्या फोटोवरून ओळखलं आणि कोपऱ्यातली मोठी खोली दिली. मला विचारलं, "तुम्ही यांच्या मदतनीस का?"

डेलिया हसून म्हणाली, "अहो, हिच्याशिवाय माझं पान हलत नाही!"

अगदी प्रेमाने म्हणाली. तेच जास्त झोंबलं.

रविवार, १५ जून. सकाळी साडेसात

नाश्ता झाला. ऊन चढायच्या आत शहराबाहेरचे लाल खडक बघायचे, मग परत येऊन एका हॉटेलात छताखाली बांधलेला कालवा आणि होड्या. गाडी मी चालवणार. डेलियाने पिवळी हॅट घातलीय आणि ती तिला शोभतेय, हेही लिहून ठेवते. आमच्या टेबलाशी पाच जण थांबले. पाचही तिच्याशीच बोलले. एकाने तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तिच्याशी गप्पा मारल्या, मी जशी खुर्चीच.

रविवार. दुपारी एक

जे केलं ते लिहून टाकते.

खडकांपाशी आणखी कुणी नव्हतं. दहालाच गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. फोटो काढायला म्हणून डेलिया कॅमेरा घेऊन घळीत उतरली. पाण्याची बाटली आणि फोन गाडीतच राहिला. फोन वाजला म्हणून मी पाहिला. संयोजकांनी पुन्हा एकदा विचारलं होतं की धाग्यांच्या पद्धतीचं श्रेय आणखी कुणाला द्यायचंय का. त्याच्या वर तिचं सकाळचंच उत्तर होतं, पहिल्यांदा विचारलं तेव्हाचं: "नाही. हे सगळं मी एकटीनेच शोधलंय."

सकाळचं. म्हणजे माझ्यासमोर बसून, माझ्या कॉफीत दूध ओतता ओतता.

मी गाडी सुरू केली. वाटलं, दहा मिनिटं घाबरू दे. आरशात पिवळी हॅट दिसली, हात हलवत होती. मी थांबले नाही.

आत्ता कालव्याकाठी बसलेय. छतावर निळं आकाश रंगवलंय, नावाडी गातोय. आइस्क्रीम खाल्लं. दोन तास मला कुणीही डेलियाबद्दल विचारलं नाही. किती बरं वाटलं!

आता जाते तिला आणायला. मोबाईल नाही, पाणी नाही, पण रस्त्यावर एखादी गाडी मिळाली असेलच.

रविवार. चार वाजता, गाडीत

घळीच्या तळाशी होती. पाय घसरला असावा. नाडी पाहिली, मानेवरची, मनगटाची. लागली नाही. शेजारी तीन डोमकावळे बसलेले, मी गेले तरी उडेनात.

तिचे डोळे त्यांनी नेले होते.

दोन्ही. मी रोज रिकाम्या खोबणी पाहते. अशा नाही पाहिल्या.

हॉटेलवर जाऊन पोलिसांना कळवते. काय सांगू? ती एकटीच गेली होती, असं?

रविवार. सहा वाजता

डेलिया खाली बसलीय.

कॅसिनोच्या दाराशी, चार जणांत, लिंबाचं सरबत हातात. मला पाहून म्हणाली, "काय गं व्हर्ना, होतीस कुठे? मी आपली एकटीच आले." सगळे हसले.

काचेतून उतरतं ऊन तिच्या तोंडावर येत होतं. बाकीच्यांनी डोळे बारीक केले. तिने नाही. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या तेवढ्याच राहिल्या. मी वाकून पाहिलं. पांढऱ्यावर तांबडे धागे. दोन्ही डोळे घडवलेले आहेत.

काम माझं नाही. माझ्याहून चांगलं आहे. कोपऱ्यातला धागा दुभंगून इतका बारीक नेलाय की मला तो जन्मात जमला नाही. भीती नंतर वाटली. आधी ते बोचलं. कुणी केलं? तिच्यासाठीच का केलं?

सरबताचा पेला भरलेलाच होता. तिच्या खुर्चीखाली तांबडी वाळू.

सोमवार, १६ जून. सकाळी आठ

दार वाजलं. तीच. आत आली नाही. म्हणाली, मी पहिल्या रांगेत बसावं. धागे कुणी शिकवले ते आज सगळ्यांना सांगणार आहे. उत्तर बदललंय, म्हणाली.

मी पळून जायला बॅग भरली होती. परत रिकामी केली. सांगेल का खरंच? चांगला झगा एकच आहे—

सोमवार. साडेनऊ, सभागृह

पहिली रांग. वही मांडीवर. ती बोलतेय. एकदाही पापणी लवली नाही. कुणाच्या लक्षात येत नाही? यांचा तर धंदाच—

माझं नाव घेतलं! ध्वनिक्षेपकावर. व्हर्ना शुमाकर, माझी गुरू, असं म्हणाली. दीडशे माना वळल्या.

प्रात्यक्षिक दाखवणार म्हणे. मंचावर खुर्ची. तबकात डोळा काढायचा चमचा, चिमटा. मखमली पेटी उघडली, आतले दोन डोळे पडद्यावर मोठे दिसताहेत. हिरवट तपकिरी. डाव्यात गंजासारखा ठिपका.

तो ठिपका माझा आहे. माझ्या डाव्या डोळ्यातला—

आणि धागे किती सुंदर—

दार उजवीकडे आहे. वीस पावलं. पळता येईल, पण सगळे उभे राहिलेत. टाळ्या. तिच्यासाठी नाहीत, माझ्याकडे बघताहेत, माझ्यासाठी—

डेलिया हात पुढे करून उभी. म्हणतेय, ये ना, व्हर्ना—

वही खुर्चीवर ठेवते, एवढं झालं की लगेच