शीर सापडेना

६ जानेवारी २०२५, सोमवार. अकोला

आले एकदाची! बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. जठारपेठेतली ही खोली छोटीशीच आहे, पण ऊन भरपूर येतं आणि मागच्या अंगणात बोरीचं झाड आहे. दिवसभर नुसती धावपळ. गॅसची नळी आणली, बादली आणली, लॅबने दिलेल्या स्कूटीच्या मागच्या चाकाचं पंक्चर काढून आणलं, चक्कीवर ज्वारी टाकली. चक्कीवाल्याने कोण, कुठली विचारलं. मी म्हटलं, अमरावतीची, साईनगरची; इथे लॅबमध्ये लागले, घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम. तो म्हणाला, सुई नुसती दिसली तरी त्याला घेरी येते. मी म्हटलं, माझ्याकडून घेऊन तर बघा, कळणारही नाही.

फुशारकी नाही ही. अमरावतीत सहा वर्षांत मी क्वचितच कुणाला दुसऱ्यांदा टोचलं असेल. तान्ही बाळं, केमो घेतलेली माणसं, ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही ते सगळे शेवटी माझ्याकडे यायचे. शेखर सरांनी, म्हणजे इथल्या लॅबच्या मालकांनी, मला बोलावून घेतलं ते त्यासाठीच. आईला फोन केला. ती म्हणाली, आधी जेव. झाडाखालची बोरं वेचून खाल्ली. आंबट आहेत.

७ जानेवारी, मंगळवार

सात घरं झाली. सहा ठीक. सातव्याचं डोक्यातून जात नाही.

मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात फुलवाल्यांचं घर आहे. खाली हारांचं दुकान, वर राहणं. तिथे माणिकबाई म्हणून एक आजी, वय अठ्ठ्याहत्तर. हिमोग्लोबिन पाच, म्हणून डॉक्टरांनी दर मंगळवारी रक्त तपासायला सांगितलंय. अंथरुणात पडलेली बाई, पिठूळ पांढरी. तिची सून वच्छलाकाकू उशाशी झेंडूचे हार ओवत बसली होती. माझ्याआधी आकांक्षा नावाची मुलगी यायची, तिने नोव्हेंबरमध्ये अचानक येणं बंद केलं, असं काकूकडून कळलं.

आजीच्या दंडाला पट्टा बांधला. शीर दिसत होती. निळी, सरळ, बोटाखाली उडणारी. सुई घातली आणि काहीच नाही. नळी कोरडी. दुसऱ्या हातावर पाहिलं. मग मनगटावर. उशीच्या कापसात सुई घालावी तसं. टोचल्या जागी रक्ताचा ठिपकासुद्धा आला नाही.

घाम फुटला मला. आजीने हूं की चूं केलं नाही. उलट तिनेच माझा हात धरला, बाही वर सारली आणि कोपराच्या खोबणीत अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, "किती मस्त शीर हाय तुही. भरेल हाय पुरी. येशीन ना पोरी मंगळवारी?"

तिचा अंगठा थंड होता. सरांना सांगितलं, सँपल मिळालं नाही. ते म्हणाले, होतं असं. माझ्या बाबतीत होत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मिळालं! पहिल्याच टोचण्यात!

आठवडाभर मला चैन नव्हती. भाजी घेताना, लाइट बिलाच्या रांगेत, सारखी बोटं आपोआप चालायची, हवेतच शीर चाचपायची. आज पहाटेच उठून बारीक सुई निवडली. आजीच्या हातात सुई गेली आणि नळी अशी भरली की बघत राहावं. गडद, गरम. नळी प्लॅस्टिकची, तरी हाताला चांगली ऊब लागली. वच्छलाकाकूने तिळाचे लाडू दिले. आजी हसली. दात सगळे शाबूत आहेत तिचे.

परत येताना पुलावर जरा अंधारी आली. सकाळपासून उपाशी होते, त्यामुळे असेल. कोथिंबीर भरलेली सांबारवडी घेऊन खाल्ली.

२१ जानेवारी, मंगळवार

आजही पहिल्याच टोचण्यात. आजी बसती झाली आहे. हिमोग्लोबिन आठच्या पुढे. सर खूश, डॉक्टर खूश. औषध काय चालू आहे म्हणून मी वच्छलाकाकूला विचारलं, तर तिने हारातून मान वर काढली नाही. औषध तर त्यायनं कधीच बंद केलं, एवढंच म्हणाली.

आंघोळीच्या वेळी माझ्या उजव्या कोपराच्या आत हिरवा-जांभळा डाग दिसला. रुपयाएवढा. मधोमध बारीक टोचल्याची खूण. मी कुणाकडून रक्त काढून घेतलेलं नाही. कामात स्वतःला सुई लागली असती तर बोटाला लागली असती.

जिना चढताना दोनदा थांबले. चक्कीवरून पीठ आणायचं राहिलं. उद्या.

२५ जानेवारी, शनिवार

पीठ आणलं नाही. स्कूटी स्टँडवर चढवता येत नाही, हातात जोर नाही. आज स्वतःच बोट टोचून मशीनवर हिमोग्लोबिन पाहिलं. नऊ. डिसेंबरमध्ये तेरा होतं. बीट आणलं, गूळ-शेंगदाणे आणले. घरमालकीण म्हणाली, नवीन जागेचं पाणी बाधलं. मीही हो म्हटलं.

दुसऱ्या हातावरही डाग आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

नीट लिहून ठेवायला हवं.

आज आजी खुर्चीत बसली होती. गालांवर रंग. मी नळ्या भरल्या, लॅबमध्ये आणल्या. तिला रक्त द्यायची वेळ आलीच तर हाताशी असावा म्हणून सरांनी रक्तगट तपासायला लावला. तिच्या जुन्या फाइलवर ओ पॉझिटिव्ह आहे. आजच्या नळीत निघाला एबी निगेटिव्ह.

सरांनी मला सगळ्यांसमोर झापलं. लेबल बदललं, दुसऱ्याची नळी तिच्या नावावर घातली, असा निष्काळजीपणा चालणार नाही. आज बाकीच्या कुठल्याच पेशंटचा गट एबी निगेटिव्ह नाही. मी दोनदा पाहिलं.

माझा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

झोप नाही. एका जागी बसवत नाही आणि उभं राहिलं की भिंती फिरतात. बाजारात गेले, काय घ्यायचं होतं ते आठवेना, रिकामी पिशवी घेऊन परत आले. परत गेले. परत आले.

सरांना म्हटलं, त्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, घरच्यांनी फोन करून सांगितलंय, आजीला तूच पाहिजेस, दुसऱ्या कुणाच्या हातून मिळत नाही. खरं सांगायचं तर हे ऐकून मला बरं वाटलं. एवढं होऊनही बरं वाटलं. स्वतःचीच शरम वाटते आहे.

एकदाच जाईन. डोळे उघडे ठेवून, पाहायला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाहिलं.

तिच्या हातात सुई टेकवली आणि टोचलं मला. माझ्याच कोपरात. बाहीवर लाल ठिपका उमटला, मोठा होत गेला. नळी भरत होती. तिच्या हातातून, माझं. सुई ओढून काढली तर नळी खाली पडली. आजीने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, लाडानेच.

"काहून थांबली? आजून एक भर ना."

वच्छलाकाकू हार टाकून उठली आणि दार उघडून उभी राहिली. मला म्हणाली, "जाय. मांगं पाहू नको." सासू तिच्याकडे पाहत होती, तरी म्हणाली.

पळाले. तशीच पळाले. सुया-नळ्यांची पेटी तिथेच राहिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबच्या रजिस्टरमधून आकांक्षाचा पत्ता काढला. पातूर. एसटीने गेले, बसमध्ये दोनदा उलटी.

ती खाटेवर होती. चोवीस वर्षांची मुलगी. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, तशी ती रडायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं नाही, नुसता आवाज. तिने विचारलं, "किती वेळा गेलती तू?"

मी म्हटलं, पाच. पहिल्या वेळी मिळालं नव्हतं.

तिने हात पुढे केला. मेणाचा असावा तसा. गुळगुळीत, एकसारखा. शीर नाही. कुठेच नाही. मी दाबून पाहिलं, चोळून पाहिलं, मनगट, पाऊल, सगळं. इतक्या वर्षांत असा हात पाहिला नाही. डॉक्टरांनी रक्त चढवायचं ठरवलं तर बाटली लावायला जागा सापडली नाही, तिच्या आईने सांगितलं. अकोला झालं, नागपूर झालं.

आकांक्षा सात वेळा गेली होती. सातव्यानंतर आजीनेच तिला पाठवून दिलं. म्हणाली, आता तुह्यात काई नाई.

निघताना तिने माझी ओढणी धरली. अकोला सोड, म्हणाली.

८ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती

आईकडे आले. आई मला पाहून दारातच बसली. सरांना फोनवर नोकरी सोडल्याचं सांगितलं. दुपारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन. लगेच बाटली लावायची म्हणाले.

योगेशने प्रयत्न केला, माझ्या जुन्या लॅबमधला. त्याला मीच शिकवलं. डावा हात तीनदा. उजवा चारदा. पाऊल. मी सांगत होते, पट्टा घट्ट कर, गरम कापड ठेव, कोन कमी कर. तो म्हणाला, "ताई, नाहीच आहे इथं काही."

मी बोट लावून पाहिलं. खरंच. नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्या मोठ्या दवाखान्यात. मानेतली मोठी शीर असते, तिथून नळी टाकतील. नऊ वाजता नंबर आहे. मानेची अजून लागते हाताला. तपासली. सारखी तपासते. आहे. आहे.

आईने पालक शिजवला. गिळवत नाही. आवाजही निघत नाही नीट, आई कान तोंडाशी आणते.

नऊ वाजेपर्यंत. एवढंच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळचे आठ. आई आवरते आहे. ऑटो सांगितलाय.

फाटकाशी ऑटो थांबला. लवकर आला —

आमचा नाही. खिडकीतून दिसतं. एक बाई उतरली, कुणी हात दिला नाही तरी उतरली. हिरवं लुगडं. ताठ. हातात मोगऱ्याचा पुडा आणि माझी पेटी. तिथे राहिलेली ती —

माणिकबाई.

आईला हाक मारते आहे. आवाज नाही. लिहिते, म्हणजे आईला वाचता येईल. आई दार उघडू नको. आई

उघडलं. बोलताहेत. आजी सांगते आहे, पोरगी सामान विसरली होती, जीव लावून गेली होती मला, म्हणून लॅबमधून पत्ता घेऊन एवढ्या दुरून आले. आईला गहिवरून आलंय. अकोल्याहून एकटी आली म्हणते. या वयात! चहा ठेवते म्हणाली. आई नको स्वयंपाकघरात जाऊ. वही बघ. इकडे ये

ती आली आत. शेजारी बसली. खाट हलली, वजन आहे आता तिला. ओठ लाल. माझे दोन्ही हात पाहिले, उलटेसुलटे केले. जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. मी लिहिते ते बघते आहे. लिव म्हणते, लिव, मले वाचता नाई येत.

ओढणी काढते आहे माझी. हळू. मानेवर अंगठा —

गरम आहे अंगठा. आता गरम आहे

आई दूध उतू जाऊ दे, आई इकडे, पेटीतून सुई काढली तिने, स्वतःच्या मानेला लाव