आतल्या बाजूची जागा

ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

तुझ्या काकाचे आणि काकूचे आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, म्हणजे तिचे गुडघे आणि माझी कंबर सोडून बाकी सगळं ठीक. तुझं जेवणखाण वेळेवर होत असेल असं धरून चालतो. बाबा गेल्यापासून फोनवर तू नुसती "हो काका, हो काका" करतेस, त्यावरून काही कळत नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी शोकसभा आहे, तिथे वाचायला बाबांविषयी पानभर लिहून द्या असं तू सांगितलंस. तीन दिवस वही पुढ्यात घेऊन बसलोय. आयुष्य लगाम धरण्यात गेलं, आता बोटांना पेन धरवत नाही, असं काकूला म्हणालो. ती म्हणाली, सबबी सांगू नका. तेव्हा लिहितो. तुला हवं ते ठेव, नको ते गाळ.

तुझ्या बाबांना आम्ही सगळे जॉकी 'घड्याळ' म्हणायचो. घोडा किती वेगाने पळतोय हे त्यांना हातातल्या लगामावरून कळायचं. एकदा ट्रेनरने परीक्षा घेतली. हा पट्टा बरोबर एका मिनिटात पळवून दाखव, म्हणाला, आणि स्वतः स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला. बाबा आले, उतरले आणि आपणच म्हणाले, "जरासं चुकलं. घोडा मध्येच शिंकला." फरक अर्ध्या सेकंदाचा होता. तुमच्या घरी अंडी उकडायची असली की तुझी आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचीच नाही. बाबा पेपरातून मान वर न करता "काढ आता" म्हणायचे, की ती काढायची.

मला ते 'दुसरा' म्हणत. ते पहिले यायचे आणि मी त्यांच्या मागोमाग, म्हणून. आठ वेळा ते चॅम्पियन झाले, त्यातल्या पाच वेळा यादीत त्यांच्या खालचं नाव माझं. हे सभेत सांगितलंस तर लोक हसतील. हसू देत.

पण मला विचारशील तर त्यांचा खरा पराक्रम घोड्यावरचा नव्हता, ताटावरचा होता. आम्हा सगळ्यांनाच वजनाची धास्ती, पण तुझ्या बाबांची हाडंच मुळात रुंद. सकाळी अर्धं सफरचंद, संध्याकाळी सूप, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी तेही नाही. भर उन्हात तीन स्वेटर घालून पळायचे, तहान लागली की बर्फाचा खडा चोखायचे. घराकडे जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थांबून बेकरीवाल्याला विचारायचे, "आज पाव कसा झालाय?" तोही बिचारा समजून होता. "वरून खरपूस आहे, पण मीठ अंमळ जास्त पडलंय," असं सविस्तर सांगायचा. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "चला, जेवण झालं." तुझं 'मुंगी' हे नावही वजनकाट्यावरचंच. तू दोन महिन्यांची असताना त्यांनी तुला खोगिरांच्या काट्यावर ठेवलं आणि सुई हलेचना.

मग ते पडले आणि घोड्यावर बसणं संपलं. ते सगळ्यांना ठाऊक आहे, सभेत पुन्हा कशाला? त्यानंतरची एकोणतीस वर्षं त्यांनी काठीच्या आधाराने काढली आणि कधी कुरकुर केली नाही, एवढं लिहिलं तरी पुरे.

एक गोष्ट सभेबाहेरची. बाबांना निरोप द्यायला आलेल्यांत तो नालबंदही होता. तू त्याला फाटकातूनच परत पाठवलंस. "तुमच्या एका सैल नालेपायी माझ्या बाबांचं आयुष्य गेलं," असं म्हणालीस. तो टोपी हातात घेऊन निघून गेला. मी चार पावलांवर उभा होतो. पण मी काही बोललो नाही. बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. असो.

जेवत जा. काकू म्हणते, या रविवारी इकडेच ये.

तुझा,
काका


ता. १७ फेब्रुवारी

चि. मुंगीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लिखाण आवडलं, बेकरीवाल्याचं वाचून रडलीस, हे वाचून बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस, "काका, शेवटच्या शर्यतीत तुम्ही बाबांच्या अगदी शेजारी होतात. तुमच्याइतकं जवळून कुणीच पाहिलेलं नाही. आणि नेमकी तिच्यावर एक ओळही नाही." खाली आणखी एक वाक्य आहे, की नालबंदाला घालवून दिल्याचं तुला तिळमात्र वाईट वाटत नाही.

ते पत्र शर्टाच्या खिशात घालून मी चार दिवस हिंडलो. आता लिहितो. बसून वाच.

तो मोसमातला सगळ्यात मोठा दिवस. बाबा करड्या घोडीवर, मी एका तांबड्या घोड्यावर. त्या शर्यतीत मी त्याआधी चार वेळा दुसरा आलो होतो, चारही वेळा तुझ्या बाबांच्या मागे. मैदानाच्या मागच्या वळणावर मी पुढे होतो. माझ्या आणि कठड्याच्या मध्ये एक घोडा जाईल एवढी जागा होती. बाबांची रीतच ती. शेवटपर्यंत मागे दबून राहायचं आणि वळणावर आतल्या बाजूने सुटायचं. तसे ते आले. घोडीचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी दिसलं. ते ओरडले, "आत आहे मी, जागा दे."

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं, मुंगे. वाऱ्यात काही ऐकू येत नाही, असं मी नंतर चौकशीत सांगितलं, ते खोटं.

मी घोडा आत घेतला. फार नाही, हातभर. ते मागे खेचतील असं मला वाटलं होतं, इतर कुणीही खेचलं असतं. पण ते आधीच आत शिरले होते, खेचायला जागाच राहिली नव्हती. घोडीचा पुढचा पाय माझ्या घोड्याच्या टाचेवर पडला. घोडीची नाल उपटली ती तिथे. माझ्या मागे आवाज झाला, पोतं पडल्यासारखा. मी मागे वळून पाहिलं नाही. चाबूक काढला आणि सरळ घोडा पळवला.

आणि तरीही मी दुसराच आलो. बाहेरच्या बाजूने तिसराच कुणी पुढे निघून गेला.

घोडीला उठवता आलं नाही, तिला तिथेच संपवावं लागलं. बाबांचा खुबा आणि कमरेचे दोन मणके गेले. त्या काळी मागच्या वळणावर कॅमेरा नव्हता. पंच दवाखान्यात बाबांचा जबाब घ्यायला गेले, तेव्हा मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो, आता सगळं संपलं असं धरून. बाबा म्हणाले, "घोडी अडखळली. पुढचं आठवत नाही." संध्याकाळी मैदान झाडताना माणसांना ती नाल सापडली. मग काय, नाल सैल होती म्हणून घोडी अडखळली, हे सगळ्यांनाच सोयीचं पडलं. नालबंदाचा परवाना काढून घेतला. तेव्हा तो तिशीतला होता. एकाही पागेने त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही.

तू त्या वेळी अकरा वर्षांची होतीस. नाल सैल होती हे तू ऐकलंस आणि तेच मनात धरून मोठी झालीस. मी तुमच्या घरी दर आठवड्याला येत होतो, पत्ते खेळत होतो, तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून देत होतो. दोन वर्षांनी ती शर्यत मी जिंकलो, तेव्हा बाबा काठी काखेत धरून टाळ्या वाजवत होते. तो फोटो तुमच्याकडे असेल. त्यात माझ्या तोंडाकडे बघ.

बाबांना माहीत होतं का, असं तू विचारशील. होतं. पण आमच्यात ते कधी निघालं नाही. फक्त दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा तुझ्या आईने त्यांना ताट वाढलं आणि ते सगळं जेवले, पुन्हा मागून घेतलं, पुन्हा जेवले. मी समोर बसलो होतो. तोंड पुसत मला म्हणाले, "दुसऱ्या, बावीस वर्षांनी पोट भरलं बघ." तुझी आई हसली.

जायच्या पंधरा दिवस आधी तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा आम्ही दोघंच खोलीत होतो. मी त्यांची उशी सारखी करत होतो. ते म्हणाले,

"मी ओरडलो होतो. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"बरं. मला वाटायचं, मीच उशिरा ओरडलो की काय."

बघ, एकोणतीस वर्षं हा माणूस स्वतःचंच घड्याळ तपासत बसला होता.

मी विचारलं, "मग पंचांना का नाही सांगितलंस?"

"तुला कायमचा बाहेर काढला असता. आणि खरं सांगू? मला थांबायचंच होतं. उपाशी राहून जीव विटला होता, पण आपणहून थांबता येत नव्हतं. पडलो आणि सुटलो."

"आणि नालबंद?"

त्यावर ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेवढं माझ्याकडून झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग सांगायला तोंड राहिलं नाही. तू बघ."

तू औषधं घेऊन आलीस आणि विषय तिथेच राहिला.

तुझ्या बाबांचं नाव खाली यावं म्हणून हे लिहीत नाही. पाप माझं आहे. त्यांनी मला वाचवलं, आणि मला वाचवताना जो माणूस चिरडला त्याच्याकडे बघायचं टाळलं. टाळण्यात मी त्यांच्याहून पुढे होतो. हे एकच ठिकाण असेल, जिथे मी पहिला आलो.

परवा नालबंदाला शोधून काढलं. गावाच्या कडेला एका वर्कशॉपमध्ये तो खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. मला बघून त्याने मशीन बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. संपल्यावर तो म्हणाला, "ती नाल मी ठोकली होती. माझे खिळे मला माहीत आहेत. आपोआप निघणारी नाल ती नव्हेच."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"बोललो. तीन वेळा लिहूनही दिलं. पण एकीकडे चॅम्पियन आणि एकीकडे मी, कोण वाचतंय?"

मी विचारलं, इतकं होऊनही तू त्या दिवशी का आलास? तो हातमोजे काढत म्हणाला, "ते कधीतरी तोंड उघडतील म्हणून वाट बघत होतो. आता उघडणार नाहीत, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं होतं. म्हणजे वाट बघणं तरी थांबतं. त्यांच्या पोरीने ते बघू दिलं नाही. तिचा काही दोष नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच तिला माहीत."

मी माफी मागितली. त्याने "हं" केलं. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि त्याने ते म्हणावं असं मलाही वाटलं नाही. "रेसकोर्सच्या ऑफिसात लिहून द्या," एवढंच म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.

काल ऑफिसात गेलो. त्या चौकशीतले तिघेही पंच आता हयात नाहीत. टेबलावरच्या मुलीने माझा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "आजोबा, हे कुठल्या फाइलला लावू?" मलाही सांगता येईना. बराच वेळ शोधून तिने जुन्या चौकश्यांचा गठ्ठा काढला, त्यात नालबंदाचे तीन अर्ज होते, टाचणी गंजलेली. माझा कागद तिने त्यांच्यावर लावला आणि मला शिक्का मारून पोच दिली. तिची एक प्रत या पत्रासोबत आहे, दुसरी नालबंदाला पोचवली.

काकूलाही काल सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे त्यांच्या घरी आपण इतकी वर्षं जेवायला जायचो..." एवढंच म्हणाली आणि घड्या घालत राहिली. अजून बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

माझं पहिलं पत्र सभेत वाचू नकोस. वाचायचं तर हे वाच. दोन्ही नको असतील तर तसंही चालेल, पण सभेला मी येतो आहे. तू फाटकातून परत पाठवलंस तर परत जाईन. वर्कशॉपचा पत्ता पोचेच्या मागे लिहिला आहे. तो पाच वाजेपर्यंत तिथे असतो. तू येशील असं मी त्याला काही सांगितलेलं नाही, आणि तू जावंस असं सांगायचा मला अधिकारही नाही.

थकलो आहे, मुंगे. पण हे थकणं वेगळं आहे, कालपासून पाठ टेकवता येते.

खाली तुझा कोण, ते लिहीत नाही. ते तू ठरव.

ज्याने जागा दिली नाही, तो