कमलवहिनींची कॅसेट

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सातला रेडिओवर नाट्यगीत लागलं, चहा मनासारखा झाला, आणि मग पेपर उघडायची दुर्बुद्धी झाली. पहिल्याच पानावर आपले एक थोर नेते. दोन वर्षांत तिसरा पक्ष. गळ्यात नवा दुपट्टा, चेहऱ्यावर तेच हसू. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण एवढ्या वेगानं बाजू बदलणारे पुस्तकातही नव्हते. शोभा म्हणाली, "पेपर बंद करा, नाहीतर मी चहा बंद करते." बायकोपुढे लोकशाही नाही. पेपर बंद.

संध्याकाळी आम्ही दोघं नाटकाला. साडेसहाचं नाटक आठला. मधला वेळ पाहुण्यांचा सत्कार. शाल घेऊन पाहुणे निघून गेले, सोबत पुढच्या तीन रांगाही रिकाम्या. नाटक मात्र झकास! म्हातारीचं काम करणारी परतवाड्याची एक मुलगी, शेवटच्या प्रवेशात रडवलं तिनं. अशी माणसं इथं आहेत, आणि आपण हार घालतो कोणाला? परत चिडचिड.

१४ सप्टेंबर, रविवार

अकोला. भास्करकडे महिन्याची बैठक. बैठक म्हणजे आम्ही दोघं, त्याचा जुना टेपरेकॉर्डर, कॅसेटी आणि त्याच्या हातचा अतिगोड चहा. वकिली सोडल्यापासून त्याला एवढाच छंद. नियम एकच : गाणं चालू असताना जो राजकारण काढेल त्यानं कपबशा विसळायच्या. गेले चार महिने मीच विसळतोय.

आज त्यानं कपाटातून बायकोची, म्हणजे आमच्या कमलवहिनींची कॅसेट काढली. वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. तेल्हाऱ्याच्या घरी त्या कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे मातीचे शंकर-पार्वती, मांडायच्या, गल्लीतल्या पोरी जमवून गाणी म्हणायच्या, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखायला लावायच्या. एका वर्षी भास्करनं ते सगळं टेप केलं. वहिनींचा आवाज म्हणून जगात एवढंच. कोजागिरीला त्याची मुलगी वैशाली हैदराबादहून यायची आहे. "तिले द्याची हाय. तुमच्या अमरावतीत मोबाइलमंदी भरून देतेत म्हने. तेवढं करून आन बे मास्तर."

दोन गाणी ऐकली. तिसऱ्याला मी त्या दुपट्टेवाल्याचा विषय काढला. काय गरज होती? पण राहवलंच नाही.

भा. म्हणाला, "त्यानं आमच्या तेल्हाऱ्याले रस्ता देल्ला. तुह्या तत्त्ववाल्यानं काय देल्लं?"

झालं. मला नीट बोलता यावं म्हणून मी टेप थांबवला. तो ओरडला, "बंद काहून केलं? लाव पयले." मी तोंडानं बोलतच हातानं बटणं दाबली. मग वीसेक मिनिटं दोघांचा आवाज टिपेला. शेवटी तो म्हणाला, "तुले देशाची लय काळजी. कमल दवाखान्यात व्हती तवा तू कुठी व्हता? मोर्च्यात."

मी कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि निघालो. कपबशा तशाच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

राग उतरत नाही. शोभानं मुद्दाम गिला वडा मागवला, दही-चटणी सगळं यथास्थित, तरी अर्धा तसाच राहिला. भा. खोटं बोलला असता तर केव्हाच विसरलो असतो. त्या आठवड्यात मी खरंच मोर्चात होतो. दवाखान्यात एकदाच गेलो, तेही जाता जाता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कॅसेट दुकानात द्यायच्या आधी घरच्या टेपवर लावून पाहिली. वहिनींची दोन गाणी. तिसऱ्याची सुरुवात. खट्. आणि मग मी.

मीच. पंख्याची घरघर, आणि त्यावर माझा आवाज. मग भा. मग दोघं एकदम. बटणं न बघता दाबली तेव्हा रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं गेलं असणार. वीस मिनिटं आम्ही वहिनींच्या गाण्यावर आमचं भांडण भरत होतो. गाणं वाजत नाहीये हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

शोभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते चर्चेचं चॅनेल बारीक करा हो."

मी टेप बारीक केला. त्या चॅनेलवाल्यांना रोज शिव्या घालतो मी.

भांडण संपल्यावर शेवटी जेमतेम दोन मिनिटं वहिनी आहेत. डबा हलवल्याचा आवाज. "सांगा, खारं का गोडं?" पोरींचा गलका. "नाई. चुकलं. पुन्हा वळखा." आणि टेप संपते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानवाला सज्जन. त्यानं ऐकलं, हेडफोन काढून ठेवला. "वरून भरलं गेलं की खालचं येत नाही सर." मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं शांतपणे तेच सांगितलं. जेवढं आहे तेवढं मोबाइलमध्ये भरून दिलं, भांडणासकट.

संध्याकाळी भा.चा मेसेज. एकच शब्द : "कॅसेट?"

मी लिहिलं, "काम प्रगतिपथावर आहे."

शाबास! आता फक्त दुपट्टा घ्यायचा राहिला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. भा.चा फोन नाही. कोणत्याही दसऱ्याला असं झालेलं नाही. मीही केला नाही. केला असता तर कॅसेटचं विचारलं असतं त्यानं. शेजारी सोनं द्यायला आले, मंडपाच्या वर्गणीवरून दोन गटांत कसं जुंपलं ते चवीनं सांगत बसले. ऐकवेना. शोभा म्हणाली, "सोनं घेऊन अकोल्याला जा, आणि खरं सांगून या. कोजागिरीच्या आत." तिला सगळं कळतं. याचाही राग येतो.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या बसनं अकोला. मूर्तिजापूरपर्यंत वाक्य जुळवत होतो. भा.नं दार उघडलं आणि जुळवलेलं सगळं गेलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "कॅसेट पुसली गेली. माझ्या हातानं. त्या दिवशी."

त्यानं हात पुढं केला. कॅसेट घेतली, लावली. पूर्ण ऐकली. दोन गाणी, मग आमची वीस मिनिटं, मान खाली घालून. मी एकदा म्हणालो, पुढं घे. त्यानं हातानंच थांब केलं. दवाखान्याचं वाक्य आलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे नाही.

मग वहिनी. "नाई. चुकलं. पुन्हा वळखा."

मागे घेऊन परत लावलं. परत. किती वेळा, मोजलं नाही. मग म्हणाला, "काय व्हतं रे डब्यात?"

मला कसं माहीत असणार? मी तिथं नव्हतो.

"मीच आनून देल्लं व्हतं बाजारातून. तिनं गान्यामंदी हळूच मले नाव सांगतलं व्हतं टेपवर, तेच पुसल्या गेलं. आता ध्यानातच नाई येऊन रायलं."

मला तिथं बसवेना. उठून मोरीत गेलो, कपबशा विसळायला लागलो. मागून आवाज आला, "राहू दे. आज कोनी काढलं नाई राजकारन." मी विसळतच राहिलो. रडत होतो, लिहायला काय लाजायचं.

बाहेर आलो तर तो बारीक पेचकस घेऊन कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा तोडत होता. तो तोडला की पुन्हा काही भरता येत नाही. चाळीस वर्षं राहून गेलेलं काम. म्हटलं, अरे, आधी ते भांडण तरी पुसून...

"राहू दे तेही."

मोबाइलमधलं वैशालीसाठी देऊन निघालो. पुढची बैठक माझ्याकडे, पुढच्या रविवारी. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही नाही. सोनं पिशवीतच राहिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. पेपर उघडला नाही. दुपारी वैशालीचा फोन. "काका, सगळं ऐकलं आम्ही. तुमच्या भांडणासकट." मला वाटलं आता बोलेल. तर म्हणाली, "डब्यात काय होतं, तुम्हाला आठवतं का? बाबा सकाळपासून तेच विचारताहेत. मी सहा नावं सांगितली, सगळ्याला नाही म्हणतात."

शोभा दूध आटवायला बसली. तेवढ्यात भा.चा मेसेज. परत एकच शब्द : "वळख."

बराच विचार करून लिहिलं, "मुरमुऱ्याचे लाडू?"

त्यानं वाचलंय. निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर अजून नाही.