गडग्यातली जाळी

२ मे १९८०
पाडलान! परसात डोंगराची माती अडवणारा माझा अर्धा गडगा भास्करने पाडलान. पोटचा मुलगा! बारा वर्षं उभा होता. सदुसष्टच्या भूकंपात पहिला गडगा आडवा झाला, तेव्हा काशीराम गवंड्याने नि मी मिळून हा घातला. वीतभर माती चोपायची, तिच्यावर माहेरच्या केळशीहून आणलेली फाटकी नायलॉनची जाळी पसरायची — एक टोक चिऱ्याखाली दाबलेलं, शेपूट पार डोंगरात आत. परत माती, परत जाळी. काशीराम म्हणायचा, "वयनी, धरणी हलली तर माती नि चिरे एकदमच हलूंदेत. वेगळे झाले की पडले."
आणि भास्कर मजुरांदेखत म्हणतो, "आई, डोंगर काय बांगडा आहे, जाळ्यात धरायला?" सगळे हसले. रत्नागिरीच्या कचेरीत ओव्हरशियर झाला ना!

१० मे
त्याची सिमेंटची भिंत झाली. गुळगुळीत. खाली ओळीने भोकं ठेवलीत — डोंगराचं पाणी जायला म्हणे. रजा संपली म्हणून माझा उरलेला अर्धा वाचला. निघालेली जाळी भोपळ्याच्या मांडवाला बांधली. अजून मासळीचा वास येतो!

६ जुलै
सून पद्मजा आली माहेराहून — नात घेऊन!! काय ते जावळ, काय त्या मुठी! नाव ठेवलंय हेमा. मला कोण विचारतो. मी आपली कानात 'मथुरा' म्हणते, माझ्या आईचं नाव. हसते लबाड!
पाळणा मागच्या खोलीत टांगलाय, खिडकीशी. खिडकीबाहेर चार हातांवर ती भिंत.

८ जुलै
भिंतीच्या भोकातून फुरसं निघालं! मीच ठेचलं. मग जुनं विटकरी लुगडं फाडलं, एकेका भोकात चिंध्या कोंबल्या, वर शेणमाती थापली. एकवीस भोकं. कंबर मोडली, पण माझी मथुरा सुखाने झोपेल. पद्मजाला सांगितलं नाही, घाबरायची. भास्कर शनिवारचा येणार, त्याला कशाला सांगू? परत हसायचा.

१६ ऑगस्ट
पाऊस, पाऊस. माझ्या गडग्याच्या चिऱ्याचिऱ्यांतून पाणी पाझरतंय, भास्करची भिंत कोरडी. भास्करला म्हटलं, "तुझ्या भिंतीला पोट आलंय रे." म्हणतो, "आई, तुझे डोळे तपासून घेऊ." घे!

२० सप्टेंबर

दुपारी फळीवरचे डबे वाजायला लागले. कोयनेचाच धक्का! ओटीवर पोर माझ्या मांडीवर होती. सकाळीच पद्मजा फणकारली होती, "सारखी मांडीवर घेऊन सवय लावता तिला." बरं झालं लावली! अंगणात पळालो. थोड्या वेळाने परत हललं, नि मागे धाडकन आवाज. भिंत आडवी. चिखल खिडकीतून आत, पाळण्यात.
माझा अर्धा गडगा? जरा पुढे झुकला, चार चिरे निसटले. पण उभा!

२१ सप्टेंबर
भास्कर आला. सगळ्या वाडीसमोर म्हटलं, "बघ, तुझा बांगडा माझ्या जाळ्यात आहे. तुझी भिंत कुठे आहे?" खालमानेने उभा. "आई, माझ्या भिंतीने माझीच पोर गेली असती." रडला. मी नाही विरघळले. मजुरांदेखत हसला होता ना!

२२ सप्टेंबर
जेवला नाही. ढिगारा उपसतोय. "हिशेब चुकला कुठे," एवढंच पुटपुटतो. मी मुद्दाम भोपळ्याची भाजी केली — जाळीवरच्या.

२३ सप्टेंबर
दोरीवर एकवीस विटकरी चिंध्या वाळताहेत. भास्करने धुऊन घातल्यान.
पद्मजाने विचारलं, "हे काय?"
म्हणाला, "हेमाला लंगोट होतील."
माझ्याकडे बघितलंन नाही.