भटूच्या नावाची घागर

मेहरूण, जळगाव
मार्गशीर्ष, १९४५

प्रिय भटू,

मद्रासच्या इस्पितळातून तू पाठवलेलं दुसरं पत्र काल मिळालं. पहिलं आलं तेव्हा सगळे रडण्यातच होते. आबांनी ‘लवकर ये’ एवढंच लिहून धाडलं, नीट उत्तर कोणी दिलंच नाही. या पत्रात तू तिथल्या पातळ पेजेबद्दल पानभर कुरकुर केली आहेस. ती वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जेवणावरून रुसणारा आमचा भटूच हा, दुसरा कोणी नाही. आज आमच्या मास्तरांना शाळेत धाडलं, दार लावलं आणि लिहायला बसले.

‘घरी सगळं ठीक ना?’ असं तू दोनदा विचारलंस. तुला कोणाचं विचारायचं आहे ते मला कळत नाही होय? जमना आहे. आपल्याच घरी आहे, तुझ्याच नावाच्या बांगड्या घालून आहे. आता पुढचं शांतपणे वाच.

सिंगापूर पडलं आणि तू पलटणीतून बेपत्ता असल्याचं सरकारी पत्र आलं. पहिलं वर्ष वाट पाहण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी वैशाखातला आखाजीचा सण जवळ आला तशी भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली, की घरातल्या गेलेल्या माणसांच्या घागरी भरायच्या तर भटूचीही भरून टाकावी, त्याचा जीव पाण्यावाचून का ठेवायचा. सुकदेवनाना त्यात सगळ्यांत पुढे. दुष्टाव्याने नाही रे, त्यांना खरंच तुझी काळजी. आबांचाही धीर सुटला होता. ते गुपचूप कुंभाराकडून एक घागर जास्तीची घेऊन आले आणि ओट्यावर ठेवली. मी सणासाठी माहेरी आले होते, ती घागर पाहिली आणि कोणाच्या नावाची ते लगेच ओळखलं.

आजीमायने काय करावं? तिने ती घागर उचलली, आडावर नेऊन धुतली, पाण्याने भरली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सगळ्यांदेखत त्यातलं तांब्याभर पाणी प्यायली आणि आबांना म्हणाली, “भटूनी घागर भराले अजून येळ शे. पयले मनी भरा.” आधी माझीच घागर भरा म्हणणाऱ्या आईपुढे आबांनी हात जोडले. त्या उन्हाळ्यात घरादाराने तुझ्या घागरीचं गार पाणी प्यायलं.

श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट आले तेव्हा पुन्हा तेच. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मूठ-मूठ गहू काढताना तुझ्या नावाची मूठ काढायची की नाही, यावर सगळे अडले. आजीमायने काढली, आणि चांगली मोठी काढली. त्या गव्हाचा रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही आणि उरवायचाही नाही, मग तुझा वाटा खाणार कोण? तिने तो सुकदेवनानांच्या ताटात वाढला. वर गंगाफळाची भाजी वाढून समोर बसूनच राहिली. नानांनी तो शेवटच्या घासापर्यंत संपवला. दरवर्षी तुझा वाटा त्यांनाच खावा लागे. आता तू येतो आहेस तर सगळ्यांत जास्त सुटका त्यांचीच झाली असेल.

गावाला वाटे म्हातारी हट्टी आहे, वेड्या आशेवर जगते आहे. मलाही तसंच वाटे. मधल्या काळात जमनाचे वडील आले. पोर तरणी आहे, घेऊन जातो, चांगलं माणूस पाहून पाट लावतो, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. आजीमायने त्यांना आधी जेवायला घातलं आणि मग म्हणाली की पोरीलाच विचारा, तिला जायचं असेल तर मी स्वतः गाडीत बसवून देईन. जमना आतूनच नाही म्हणाली. तिचे वडील गेल्यावर मी आजीमायला विचारलं, की तुला एवढी खात्री कशाची? तेव्हा ती हळूच म्हणाली, “जित्ता शे का नही, माले काय माहीत? पन घागर भरी का ह्या पोरन्या बांगड्या फुटतीन.”

भटू, म्हणजे खात्री तिलाही नव्हती. रोज आतल्या आत तीही घाबरत होती. पण जमनाला आपल्या मनाने थांबता यावं, कोणी तिला विधवा करून कोपऱ्यात बसवू नये, म्हणून तिने सगळ्या गावाचा ‘हट्टी म्हातारी’ हा शब्द अंगावर घेतला. मी तिची लाडकी नात म्हणवते, आणि मला हे इतक्या उशिरा कळलं.

तुझं पहिलं पत्र आबांनी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग जमनाला जवळ घेतलं, तिच्या हातावरून हात फिरवला आणि भरदुपारी बाजेवर आडवी झाली. दिवसा आडवी झालेली आजीमाय मी तरी कधी पाहिली नव्हती. आता काही राहिलं नाही, असं म्हणाली आणि गाढ झोपली.

तू लिहिलं आहेस की आजीमायला पलटणीतली उबदार कांबळ आणतो आहेस. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. ती कांबळ जमनाला दे. आजीमाय कार्तिकात, त्याच झोपेत गेली, रे. आजारी नव्हती, तिला कसला त्रासही झाला नाही. तू आहेस हे ऐकून, समाधानाने गेली. हे दारात पाय ठेवताच तुला कळू नये, आणि ते सांगायची पाळी जमनावर येऊ नये, म्हणून मी आबांना म्हटलं की मीच कळवते. तू आधी जळगावला उतर. माझ्याकडे दोन दिवस राहा, काय रडायचं ते माझ्यापाशी रड, मीही अजून पोटभर रडलेले नाही. मग दोघं मिळून घरी जायला दोंडाईच्याची गाडी धरू. तिथल्या स्टेशनवर जमना बैलगाडी घेऊन येणार आहे. तिच्यासमोर हसत उतर.

तुझीच अक्का,
कस्तुरा