खालच्या खोल्या

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. ललितास,
इंदूताईचे अनेक आशीर्वाद.

रामदासरावांचा दमा या थंडीत कसा आहे? वाफ घेतात की टाळतात? सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? निकिताला आता सातवा लागला असेल, तिला म्हणावं जड काही उचलू नकोस. आणि तुझी पाठ? तू आपणहून कधी सांगायची नाहीस, म्हणून मीच विचारते.

माझे गुडघे तसेच. डॉक्टर म्हणतात जिना बंद करा. जिना बंद करून मी वर राहू कशी, हे काही ते सांगत नाहीत.

कोर्टाचं म्हणशील तर खालच्या भाडेकरूवर दावा लावून दोन वर्षं झाली. कधी साहेब रजेवर, कधी समोरचे वकील आजारी, कधी आमच्याच वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या. डबा घेऊन जायचं, बाकावर बसून खायचा आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं. वकीलबाई म्हणतात, नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा करार असता, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे साधा अर्ज पुरला असता. करारच नाही, म्हणून हा दावा, आणि मला खालच्या खोल्यांची खरीच गरज आहे हे सिद्धही मीच करायचं. मध्यंतरी वैतागून म्हटलं, खालचं पाणी तोडते. त्या म्हणाल्या, "आजी, मग आरोपी तुम्ही व्हाल." म्हणजे घर माझं, नळ माझा आणि गुन्हाही माझाच.

करार का नाही, ते तुला माहीत आहे. करार नोंदवायला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. मीच त्याला चहा पाजून परत पाठवला. बहिणीच्या मुलाचा अंगठा घेऊ?

वर सगळ्यांचं विचारलं आणि तुझ्या अभयचं नाही, ते विसरून नव्हे. फोनवर त्याचं नाव निघालं की तू रडतेस आणि मी फोन ठेवते, म्हणून हे कागदावर.

तो वाईट नाही गं. मी म्हटलं होतं, अदलाबदल करू, तू वर ये. तर म्हणाला, वरच्या एका खोलीत चौघं मावणार कशी? तेही खरंच. मग दुसरीकडे बघ म्हटलं, तर पोरींची शाळा आहे, पुढच्या वर्षी बघतो. असं पुढचं वर्ष तीनदा आलं, तेव्हा मी वकील गाठला.

तारखेला मात्र तोच मला स्कूटरवर नेतो. प्रतिवादी पुढे, वादी मागे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, एकाच घरातून एकाच कोर्टात जायचं, त्याला दोन वाहनं कशाला?

परवा माझी उलटतपासणी झाली. त्याच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, रोज जिना चढता-उतरता ना? मी खरं तेच सांगितलं, "अभय हाताला धरून चढवतो, म्हणून चढते."

"म्हणजे मदत आहे. मग अडचण कुठली?"

ते उतरवून घेतलं गं. त्याने दिलेला हात माझ्याच विरुद्ध कागदावर गेला. मी अभयकडे बघितलं, तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी बजावलं, निकाल लागेपर्यंत त्याचा हात धरायचा नाही. येताना पुन्हा त्याच्याच स्कूटरवर आले. जिन्यापाशी त्याने सवयीने हात पुढे केला. मी घेतला नाही. पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या, उलटी, एकेक पायरी वर सरकत गेले. तो खाली तसाच हात पुढे करून उभा. त्याची वैष्णवी दारात आली. म्हणाली, "अहो, मावशींना धरा ना."

निकाल लागेल तेव्हा लागेल, पुढे अपील आहेच म्हणतात. मला खालच्या खोल्या हव्यातच, त्यातून मी हटणार नाही. पण त्या मिळाल्यावर त्याच्या पोरी माझ्याकडे फिरकल्याच नाहीत, तर तिथे एकटी बसून मी कुणाची वाट बघू?

उत्तर लवकर लिही. पाकीट नको, पोस्टकार्ड लिही. पोस्टमन वर चढत नाही, टपाल खालीच देतो. माझ्याकडे यायच्या आधी ते तुझ्या मुलाच्या हातात पडू दे.

तुझी,
अजून वरच असलेली
इंदूताई