चौथी गुप्त जागा

आदरणीय बाई,
आपल्यासमोर लेखणी उचलण्याचा माझा अधिकार नाही. शाळेच्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेले नाही. परंतु शहरात गेल्यावर रोज चार ओळी लिहून दर शुक्रवारी पाठवाव्यात, ही आपलीच आज्ञा. उणे असेल ते क्षमा करावे.

१७ नोव्हेंबर
पुंडलिकनगरातील खोली अपेक्षेपेक्षा छान मिळाली. पूर्वेला खिडकी, पुस्तकांना दोन फळ्या, आरशाचे लोखंडी कपाट. देवगाव रंगारीला आमच्या घरी एवढा आरसा नव्हता! घरमालकीण मीनाक्षीकाकू एकट्याच असतात. त्यांचा मुलगा शंतनू तीन वर्षांपूर्वी याच खोलीतून नाहीसा झाला. पोलिसांनाही सापडला नाही. त्याचा संगणक तसाच आहे. मी तो खुशाल वापरावा (या ओळीही त्यावरच लिहिते आहे), अट एकच. रोज चारला, चहाच्या वेळी, त्यावरचा जुना खेळ काकूंना चालवून दाखवायचा.

१८ नोव्हेंबर
खेळ अंतराळस्थानकातला: हाती बंदूक, समोर परग्रहावरचे जीव. शंतनूने मात्र त्यात स्वतःच्याच घराचा नकाशा रचला आहे. तिथे जीव नाहीत. पोलादी भिंतींमध्ये स्वयंपाकघर आणि ओट्यावर वाफाळती किटली. काकू तेवढीच पाहत बसतात. खेळणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही, केवळ दोन हात. माझ्यासारख्या बुजऱ्या मुलीला हे फार सोयीचे वाटले. शेवटी पडद्यावर जणू गुणपत्रिकाच झळकली: गुप्त जागा ३/४.

१९ नोव्हेंबर
दुपारभर चौथी शोधली. कामाच्या सारजाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरी, चारातलं एक राहिलं तर आभाळ कोसळंल व्हय?" स्वतः मात्र कपाटामागे झाडू घालत नाहीत. बाई, दहावीला गणितात एक गुण गेला, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आपणांस आठवत असेल.

२० नोव्हेंबर
मापपट्टीने खोली मोजली. बाहेरून चौदा फूट, आतून अकरा. काकूंना सांगताच त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. म्हणाल्या, तीन जागा शंतनूने केल्या होत्या. चौथी त्याने केलेलीच नव्हती. ती शोधायला गेला आणि आतच राहिला. दुसरे कुणी आत गेले, तरच तो सुटेल. मग माझा हात धरून म्हणाल्या, "परक्याच्या लेकीच्या बदल्यात मला माझा लेक नको गं, सायली. राहू दे ते तीनच." मी वचन दिले. दुःखात माणसे असे बोलतात, एवढेच मनात म्हटले.

२१ नोव्हेंबर, दुपारी ३.४०
काकू दूध आणायला गेल्या आहेत. फक्त पाहते. उघडून लगेच बंद करीन.

३.४८
पडद्यावरचे कपाट सरकले. आत खुर्ची. पाठमोरा कुणी बसलेला. तो उठला, मला घासून बाहेर गेला. खांद्याला धक्का लागला, माझ्या, खऱ्या—
४/४.

३.५३
आरशात पलंग आहे. फळ्या आहेत. कळफलकावर दोन हात आहेत. फक्त हात—

३.५७
काकू आल्या. पातेले पडले. "शंतनू!" रडतात, हसतात— मग माझे नाव. "सायली, अगं कुठं आहेस?"
इथंच, बाई. मी ओरडते आहे. भिंत पोलादाची, गार— किटली वाफाळते, पण ऊब नाही— काकू पडद्याजवळ आल्या, केवढा मोठा चेहरा, माझ्याकडेच बघत— त्यांना सांगा, मी वचन—

पाठविले: शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.००